उसनं टॅपेट कव्हर बसवण्याआधी

एका इंजिनाचं टॅपेट कव्हर दुसऱ्या इंजिनाच्या हेडवर बसवायला घेतलं की पहिली नजर जाते बोल्टच्या भोकांवर. भोकं जुळली तर अर्धं काम झाल्यासारखं वाटतं आणि नाही जुळली तर लगेच ड्रिल मशीन बाहेर निघतं. वास्तविक या सगळ्या उद्योगात भोकं हीच सर्वांत सोपी बाब आहे. ती जुळत नसतील तर समोर दिसतं. उंची कमी पडत असेल तर इंजिन फिरायला लागल्यावर ऐकू येतं. इंजिनाचा श्वास कोंडला असेल तर मात्र ते काही आठवड्यांनी कळतं, भलत्याच कुठल्यातरी सीलमधून ऑइल झिरपायला लागल्यावर. म्हणून पाना उचलण्याआधी जुनं कव्हर उलटं करून बघा. आतल्या बाजूला काय जोडलेलं आहे, कुठली नळी त्यात शिरते, ऑइल कुठून ओततात, कुठल्या तारांच्या क्लिपा त्याच्या बोल्टवर अडकवल्यात, हे सगळं टिपून ठेवा. जुनं कव्हर जेवढी कामं करत होतं तेवढी नव्याने केली पाहिजेत, नाहीतर त्यांची दुसरी सोय आधी लावली पाहिजे.

अशी अदलाबदल ज्या इंजिनावर सर्रास चालते ते म्हणजे शेवरोलेचं ‘स्मॉल ब्लॉक’ व्ही-८. १९५५ च्या मॉडेलांत ते २६५ घनइंचांचं होऊन आलं, पुढे २८३, ३२७, ३५० असं वाढत गेलं. २०११ मध्ये जनरल मोटर्सने या घराण्यातलं दहा कोटीवं इंजिन बनवलं. पहिल्या पिढीचे भाग एकमेकांना इतक्या सहज बसतात की १९७० च्या ब्लॉकवर १९९६ चं हेड आणि त्यावर १९५७ सालची कव्हरं, असा संसार अमेरिकेतल्या हौशी गॅरेजांत रोज मांडला जातो. तिकडे राहणाऱ्या ज्या मराठी वाचकांनी घरच्या गॅरेजमध्ये एखादी जुनी कॅमारो किंवा पिकअप सुधारायला घेतली असेल, त्यांच्यासमोर हा प्रश्न कधी ना कधी येणारच. इकडच्या ॲम्बेसेडरवाल्यांचा प्रश्न थोडा वेगळा आहे, त्याकडे पुढे वळू.

आधी आपलं हेड कुठल्या काळातलं आहे ते ओळखा. १९५५ ते १९५९ च्या हेडवर कव्हर चार कोपऱ्यांतल्या चार बोल्टनी धरलेलं असतं, पण वरच्या कडेचे दोन बोल्ट खालच्या कडेच्या दोन बोल्टच्या समोरासमोर नसतात, जरा सरकलेले असतात. १९६० पासून तेच चार बोल्ट नेमके समोरासमोर आले आणि ही रचना १९८६ पर्यंत टिकली. १९८७ मध्ये कडेचे बोल्ट गेले. त्यांच्याऐवजी कव्हरच्या मध्यरेषेवर, रॉकरांच्या मधून खाली उतरणारे चार बोल्ट आले. नुसत्या सालावर मात्र विसंबू नका. गाडी एका सालाची, ब्लॉक दुसऱ्या, हेड तिसऱ्या, हे या इंजिनांत नेहमीचंच आहे. कव्हर काढून गुण्या लावा आणि वरचं-खालचं भोक एका रेषेत येतं का ते बघा. दोन मिनिटांचं काम आहे. बाजारात नवीन मिळणाऱ्या बऱ्याच ॲल्युमिनियम हेडना कडेची आणि मधली अशी दोन्ही भोकं पाडलेली असतात. तशी हेड असतील तर तुमची निम्मी चिंता मिटली.

आता सरकलेल्या भोकांची जुनी कव्हरं नंतरच्या हेडवर बसवायची झाली तर? कव्हर साध्या पत्र्याचं असेल तर जुनी भोकं वेल्डने बुजवून नवी पाडता येतात. रंग दिल्यावर कळतही नाही. पण पन्नाशीच्या दशकातल्या कॉर्व्हेटची, ‘कॉर्व्हेट’ अशी अक्षरं आणि पाठीवर लांब पात्या असलेली ओतीव ॲल्युमिनियमची अस्सल कव्हरं हाती लागली असतील तर त्यांना ड्रिल लावू नका, असं मी स्पष्टच सांगेन. त्यांची नक्कल समोरासमोरच्या भोकांसह विकत मिळते. इंजिनावर नक्कल चढवा आणि अस्सल जोडी ज्याचं हेड त्या काळातलं आहे त्याला द्या, तो चांगली किंमत मोजेल. भोकं लांबवून, म्हणजे गोल भोकाला कानशीने लंबगोल करून भागवण्याचा मोह ओतीव कव्हरवर तर टाळाच. वॉशरखाली पुरेशी जागा उरत नाही आणि कोपरा तडकतो.

मधल्या बोल्टचा प्रश्न याहून मोठा आहे आणि तो समजायला व्ही-८ इंजिनाची ठेवण लक्षात घ्यावी लागते. या इंजिनाचं प्रत्येक हेड बाहेरच्या अंगाला कललेलं असतं. रॉकरांवर उडालेलं ऑइल खाली परतताना कव्हरच्या खालच्या कडेशी रेंगाळतं आणि त्या कडेच्या जवळच, खालच्या अंगाला, तापलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड असतो. तिथे गळालेल्या थेंबाने आधी वास येतो, मग धूर, आणि नशीब वाईट असेल तर आग. जुन्या रचनेत पत्र्याचं कव्हर फक्त चार कोपऱ्यांत दाबलेलं. बोल्ट आवळले की कोपरे खाली जातात आणि दोन कोपऱ्यांमधला लांब पट्टा सैल राहतो. नेमकी तीच ऑइल साचण्याची जागा. १९८७ च्या रचनेने दाब कव्हरच्या पाठीवर आणला, तो सगळ्या कडेला सारखा वाटला जाऊ लागला, शिवाय हेडवरची गॅस्केटची कडही उंच केली. गळती बरीच आटोक्यात आली.

म्हणजे १९८७ नंतरच्या हेडवर जुन्या घाटाची कव्हरं चढवताना आपण केवळ रूपासाठी एक सुधारणा मागे घेत असतो. त्याला माझी हरकत नाही. नव्या कव्हरांना तसं रूप नाही हे खरंच आहे. पण हा व्यवहार डोळे उघडे ठेवून करा. या कामासाठी ॲल्युमिनियमच्या ॲडॅप्टर पट्ट्या विकत मिळतात. पट्टी हेडच्या मधल्या भोकांत पक्की करायची आणि तिच्या कडेला आटे पाडलेल्या चार भोकांवर जुन्या पद्धतीचं कव्हर बसवायचं. पट्टीमुळे तीन गोष्टी बदलतात. एकाऐवजी दोन गॅस्केट येतात, म्हणजे गळण्याच्या जागाही दुप्पट. पट्टीच्या जाडीइतकं कव्हर वर उचललं जातं. आणि पट्टीचे आडवे दांडे रॉकरांच्या मधून जातात, त्यामुळे रुंद रोलर रॉकर असतील तर ते दांड्याला घासतात का हे वेगळं तपासावं लागतं. पट्टी कायमची राहणार असल्याने तिच्या खालच्या गॅस्केटवर जास्त मेहनत घ्या. पुढे टॅपेट सेटिंग करताना फक्त वरचं कव्हर निघेल, खालच्या जोडाला हात लावायची वेळ येऊ नये. हेडच्या कडेला स्वतः भोकं पाडून पट्टीचा खर्च वाचवण्याची युक्ती कुणी सुचवली तर ऐकू नका. कारखान्याच्या या हेडना कडेला बोल्टसाठी ठेवलेले जाड गोळेच नाहीत, आटे धरणार कशात?

नंतरच्या पिढीच्या एलएस इंजिनातही असंच झालं. १९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये आलेल्या एलएस-१ च्या कव्हरांना पहिली दोन वर्षं कडेने बोल्ट होते, १९९९ पासून ते मध्यरेषेवर आले. त्यामुळे भंगारातून एलएसची कव्हरं घेताना आधी बोल्टची जागा बघा. शिवाय या इंजिनात इग्निशन कॉइल कव्हरांवरच बसतात. जुन्या स्मॉल ब्लॉकची कव्हरं वापरायची तर कॉइल आणि त्यांच्या तारा दुसरीकडे हलवाव्या लागतात, आणि खरा खर्च तिथे येतो.

भोकं जुळली किंवा जुळवली, आता उंची. कारखान्याचे पत्र्याचे रॉकर बुटके असतात. रोलर रॉकर आणि त्यांचे लॉकिंग नट उंच असतात आणि मूळच्या बुटक्या कव्हरला आतून लागतात. कधी कव्हरचं छत लागत नाही, पण छताला आतून जोडलेला पत्रा लागतो. शेवरोलेच्या काही मूळ कव्हरांच्या आत प्रत्येक रॉकरवर ऑइल ठिबकावं म्हणून छोट्या पत्र्याच्या जिभा जोडलेल्या असतात. रॉकर बदलले असतील तर बहुतेक वेळा पहिला आवाज त्याच करतात. या इंजिनात रॉकरला ऑइल पोकळ पुशरॉडमधून मिळतं, त्यामुळे रोजच्या वापराच्या गाडीत या जिभा वाकवल्या किंवा काढल्या तरी बिघडत नाही. मात्र ऑइल ओतायच्या किंवा हवेच्या भोकाखालचा मोठा आडोसा आणि या जिभा यांत गल्लत करू नका. आडोसा काढायचा नसतो, त्याचं कारण पुढे येईल.

उंची डोळ्यांनी मोजू नका. मुलांच्या खेळण्यातली मऊ माती घ्या, तिच्या छोट्या गोळ्या प्रत्येक रॉकरच्या सर्वांत उंच टोकावर ठेवा आणि वर हलकं ऑइल लावा म्हणजे माती कव्हरला चिकटणार नाही. खरं गॅस्केट घालून कव्हर बसवा, बोल्ट योग्य तेवढे आवळा. स्पार्क प्लग काढा आणि क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांत प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा पूर्ण उघडून मिटतो. कव्हर काढून दबलेली माती ब्लेडने कापा आणि जाडी मोजा. दोन मिलिमीटर उरली तर चालेल. त्याहून कमी असेल तर उंच कव्हर किंवा जाड गॅस्केट शोधा. हायड्रॉलिक लिफ्टर असलेलं इंजिन बरेच दिवस बंद असेल तर लिफ्टर बसलेले असतात आणि चाचणीत रॉकर पूर्ण उचललाच जात नाही, तेव्हा अंतर थोडं जास्तच धरा.

बाहेरची उंचीही विसरू नका. उंच कव्हर किंवा पट्टी लावल्यावर ब्रेक बूस्टर, एसीचा ब्रॅकेट, अल्टरनेटर, हीटरचा डबा यांपैकी काहीतरी आडवं येतं. बूस्टरशी नुसता कागद जाईल एवढी फट असेल तर ती नाहीच असं समजा, कारण गिअर टाकताना इंजिन आपल्या रबरी माउंटिंगवर हलतं. जाड काठाच्या ओतीव कव्हरांचा आणखी एक त्रास आहे. त्यांची आतली कड इनटेक मॅनिफोल्डला टेकते आणि कव्हर गॅस्केटवर पूर्ण बसतच नाही. कोरडं कव्हर गॅस्केटशिवाय हेडवर ठेवून चारी बाजूंनी हलवून बघितलं तर हे आधीच समजतं. टेकत असेल तिथे कव्हरची कड कानशीने थोडी घासा. मॅनिफोल्ड घासू नका.

आता श्वास. पिस्टनच्या रिंगांना चुकवून जळलेल्या मिश्रणाचा थोडा वायू नेहमीच खाली क्रँककेसमध्ये निसटतो. त्याला बाहेर जायला वाट हवी, नाहीतर आतला दाब वाढून तो ऑइलला प्रत्येक सीलमधून बाहेर ढकलतो. सुरुवातीच्या स्मॉल ब्लॉकमध्ये ही वाट ब्लॉकच्या मागच्या बाजूने खाली रस्त्याकडे जाणाऱ्या नळीतून होती आणि ऑइल इनटेक मॅनिफोल्डच्या पुढच्या टोकाला असलेल्या उभ्या नळीतून ओतत. म्हणून त्या काळच्या कव्हरांना एकही भोक नाही, सगळी पाठ सलग आणि देखणी. १९६८ च्या सुमारास या दोन्ही नळ्या गेल्या. ऑइलचं झाकण कव्हरवर आलं आणि क्रँककेसमधला वायू बाहेर सोडणारा पीसीव्ही व्हॉल्व्हही. त्यामुळे १९५७ ची सलग कव्हरं सत्तरच्या दशकातल्या ३५० वर चढवली की इंजिनाला ऑइल पाजायला जागा नाही आणि श्वास सोडायलाही नाही. ही गोष्ट इतकी उघड आहे, तरी कव्हरं रंगवून, बोल्ट आवळून झाल्यावर ऑइलचा डबा हातात घेऊन इंजिनाभोवती फिरणारे लोक असतात.

यातून वाट दोन प्रकारे निघते. पुढे ऑइलची नळी असलेला जुन्या घाटाचा मॅनिफोल्ड बसवायचा, किंवा कव्हरला भोकं पाडायची. भोकं पाडायची ठरली तर हिशोब असा: एका कव्हरवर पीसीव्ही व्हॉल्व्ह, त्याची नळी कार्ब्युरेटरच्या तळाकडे, म्हणजे इंजिन स्वतःच तो वायू ओढून जाळेल, दुसऱ्या कव्हरवर एअर फिल्टरला जोडलेली किंवा स्वतःची जाळी असलेली हवेची वाट, म्हणजे ओढलेल्या वायूच्या जागी स्वच्छ हवा आत येईल. एक आत घेणारी, एक बाहेर सोडणारी. दोन्ही एकाच कव्हरवर जवळजवळ ठेवल्या तर हवा आतल्या आत फिरून निघून जाते आणि क्रँककेस तसाच कोंदट राहतो.

पीसीव्हीच्या भोकाखाली आडोसा नसेल तर हा सगळा खटाटोप उलटा अंगावर येतो. रॉकरवरून उडणारे थेंब थेट त्या भोकातून ओढले जातात, प्लग काळे पडतात, सायलेन्सरमधून निळा धूर निघतो आणि लोक रिंगा गेल्या म्हणून इंजिन खोलायला निघतात. चकचकीत क्रोमची स्वस्त कव्हरं घेताना आत हात घालून आडोसा आहे का ते बघाच. बऱ्याच स्वस्त जोड्यांत तो नसतो. पत्र्याचा तुकडा वाकवून, भोकाखाली बोटभर अंतर ठेवून, फक्त एका बाजूने उघडा असा आडोसा कुठलाही पत्राकाम करणारा करून देईल. तो वेल्ड करून घ्या. रिव्हेट सुटला तर थेट रॉकरांत पडतो. भोकं अर्थातच कव्हर टेबलावर ठेवून पाडायची, आणि आधी रबरी ग्रोमेट विकत आणून मग त्याच्या मापाने. उलट केलंत तर हव्या मापाचं ग्रोमेट शोधत फिराल.

आता ॲम्बेसेडर. तिच्या जुन्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनाचं घराणं ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं बी-सीरिज. १९५५ ची एमजीए आणि १९६२ ची एमजीबी या स्पोर्ट्स गाड्यांतही याच घराण्यातली इंजिनं. त्यामुळे इंग्लंडमध्ये एमजीसाठी बनणारी पॉलिश केलेली ॲल्युमिनियमची कव्हरं आपल्याकडच्या हौशी मालकांना खुणावतात. हे इंजिन सरळ उभं, चार सिलिंडर एका रांगेत. ऑइल कडेशी साचत नाही, म्हणून कव्हर फक्त वरच्या दोन नटांनी धरलेलं असतं. हे नट रॉकर शाफ्टच्या खुंट्यांवरून वर आलेल्या स्टडवर बसतात आणि त्यांच्याखाली कपाच्या आकाराचा वॉशर नि रबरी बुश असतो. ॲल्युमिनियमच्या कव्हरची पाठ पत्र्यापेक्षा जाड असते, म्हणून जुने नट आट्यांत पुरेसे उतरत नाहीत. कव्हरसोबत लांब नट आणि त्याच मापाचे बुश मागवा. एमजीबीच्या वर्कशॉप पुस्तकात या नटांचा टॉर्क ४ फूट-पौंड दिला आहे, म्हणजे हाताने घट्ट करून वर जेमतेम थोडं. गळतंय म्हणून जोर लावला की पत्र्याचं कव्हर मधोमध खचतं आणि दोन्ही टोकांना उचलतं, मग गळती वाढते.

एमजीच्या कव्हरवर कुठलं झाकण आणि कुठली नळी येते तेही विचारा. एमजीबीत वर्षांगणिक श्वासाची व्यवस्था बदलत गेली. कधी ऑइलचं झाकणच हवा आत घेणारं, कधी ते पूर्ण बंद आणि कव्हरला बारीक नळी. तुमच्या ॲम्बेसेडरच्या कव्हरवरून एअर क्लीनरकडे नळी जात असेल आणि नव्या कव्हरला ती तोटीच नसेल, तर झाकण हवा घेणारं हवं. मागणी नोंदवताना सांभाळा: आपले मिस्त्री ज्याला टॅपेट कव्हर म्हणतात त्याला इंग्लंडच्या कॅटलॉगमध्ये रॉकर कव्हर म्हणतात. तिथे टॅपेट कव्हरचं गॅस्केट मागितलंत तर ब्लॉकच्या बाजूच्या झाकणाचं येईल. आणि तुमची ॲम्बेसेडर नंतरची, इसुझूचं इंजिन असलेली असेल तर हे काहीच लागू नाही. त्या इंजिनाची कॅमशाफ्ट वर हेडमध्ये आहे आणि कव्हर सर्वस्वी वेगळं.

गॅस्केटकडे येऊ. उसनं कव्हर आधी कुणीतरी कितीतरी वेळा आवळलेलं असतं. पत्र्याचं असेल तर बोल्टच्या भोकांभोवतीचा पत्रा खाली दबून खोलगट झालेला असतो. सपाट काचेवर कव्हर ठेवा, कडेखाली फीलर गेज सरकवून बघा. दबलेली भोकं लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून हलक्या हातोडीने सपाट करा. ओतीव कव्हर वाकलेलं असेल तर काचेवर पॉलिश पेपर चिकटवून त्यावर कव्हर आठच्या आकड्यात घासा. चकाकी न आलेला भाग म्हणजे खोलगट भाग. हे पंधरा मिनिटांचं काम कुणी करत नाही आणि मग गॅस्केटच्या कंपनीला शिव्या देतात.

कॉर्कचं गॅस्केट वाकडी-तिकडी कड सांभाळून घेतं, पण उष्णतेने सुकतं, आकसतं आणि वर्ष-दोन वर्षांत पुन्हा गळू लागतं. आत पोलादी पट्टी असलेलं रबराचं गॅस्केट जास्त टिकतं, पण त्याला सपाट कड लागते. जुळत नसलेल्या जोडीसाठी मी आधी कड सपाट करून रबराचंच वापरेन. तसं जमलं नाही तर जाड कॉर्क. गॅस्केट कव्हरला चिकटवा, हेडच्या बाजूला कोरडं ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी कव्हर काढताना ते फाटत नाही. सिलिकॉन सीलंटने सगळी कड भरून काढण्याची आपल्या मिस्त्रींची सवय इथे घातक आहे. आतल्या बाजूला आलेले त्याचे लोंबते तुकडे तुटून ऑइलसोबत खाली जातात आणि ऑइल पंपाच्या जाळीवर अडकतात. लावायचंच असेल तर कोपऱ्यावर किंवा जोडावर मसुराएवढा ठिपका पुरे.

बोल्टबाबत भारतात काम करणाऱ्यांनी एक गोष्ट फार सांभाळावी. जुन्या शेवरोलेचे कडेचे बोल्ट दोन सुती, म्हणजे पाव इंची, इंचाला २० आट्यांचे. आपल्या हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतो तो सहा मिलिमीटरचा. दोन्ही हातात घेतले तर फरक डोळ्याला जाणवत नाही. सहाचा बोल्ट पाव इंची भोकात सैलसर दोन-तीन फेरे जातो आणि मग आटे खातो. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये तर एकदा खाल्लेले आटे हेलिकॉइल घातल्याशिवाय परत येत नाहीत. जुना बोल्ट खिशात घालून दुकानात जा आणि आटे गेजने जुळवून घ्या. लांबीही बघा. जाड काठाच्या कव्हरला लांब बोल्ट लागतो, पण फार लांब झाला आणि भोक आरपार नसलं तर बोल्ट तळाला टेकतो. हाताला घट्ट लागतं, गॅस्केट मात्र दबलेलंच नसतं. पत्र्याच्या कव्हरला बोल्टखाली नुसता वॉशर न घालता दाब पसरवणारी लांबट पट्टी घाला, ती सुट्टी विकत मिळते.

चार कोपऱ्यांच्या पत्र्याच्या कव्हरला साधारण ५ न्यूटन-मीटर पुरे होतात. मधल्या बोल्टच्या कव्हरला याहून जास्त लागतं, तो आकडा आपल्या इंजिनाच्या पुस्तकातून घ्या. टॉर्क पाना या मापाचा नसेल तर पाना आखूड धरा आणि दोन बोटांनी आवळा. आवळताना एका कोपऱ्यावरून तिरकस समोरच्या कोपऱ्यावर जा आणि दोन-तीन टप्प्यांत पूर्ण करा. कॉर्क असेल तर इंजिन एकदा गरम होऊन थंड झाल्यावर पुन्हा एक फेरी मारा. पोलादी गाभ्याच्या रबराला पुन्हा आवळायची गरज नसते.

इंजिन सुरू केल्यावर पहिली पाच मिनिटं फक्त ऐका. धातूवर धातू टकटकल्याचा आवाज आला तर लगेच बंद करा, बघू पुढे म्हणून चालवू नका. मग कव्हरच्या खालच्या कडेला पांढरा टिश्यू फिरवा. एक्झॉस्ट गरम असतो, हात सांभाळा. संथ गतीवर असताना हवा आत घेणाऱ्या बाजूची वाट उघडून तिच्यावर कागदाचा तुकडा धरा. तो हलकेच ओढला गेला पाहिजे. बाहेर फेकला जात असेल तर पीसीव्हीची नळी कुठेतरी मुडपलेली आहे, व्हॉल्व्ह अडकला आहे, नाहीतर रिंगांमधूनच वायू जास्त येतोय. पहिल्या पाचशे किलोमीटरांत एअर फिल्टरच्या डब्यात आणि कार्ब्युरेटरच्या तोंडाशी बोट फिरवून बघत राहा. तिथे ऑइल ओलं लागलं तर इंजिन खोलण्याआधी कव्हर काढा आणि आडोशाचं तोंड कुठल्या बाजूला उघडतं ते बघा. ते रॉकरांच्या दिशेला असेल तर वळवून उलट बाजूला करून घ्या.